"थोडंसंच गळतं, डॉक्टर"

पेशंट ६६ वर्षांचे, नोकरीतून रिटायर झालेले, आणि केबिनमध्ये आल्यावर पहिलं वाक्य हेच, "थोडंसंच गळतं डॉक्टर, बाकी तसा काही त्रास नाही." काळी पँट, शर्ट बाहेर सोडलेला, खुर्चीच्या अगदी कडेवर टेकलेले. प्रोस्टेटचं (मूत्राशयाच्या खालच्या ग्रंथीचं) ऑपरेशन झालेला माणूस गडद पँट घालून असा कडेवर बसला की मला निम्मी हिस्ट्री तिथेच मिळते, पण ते स्वतः बोलेपर्यंत आपण गप्प राहायचं असतं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, त्यांना इथे नुसतं काका म्हणतो. हे लघवी गळण्याचं प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं कारण यात ऑपरेशनपेक्षा लपवालपवीनेच जास्त गोंधळ घातला, आणि त्यात थोडी चूक माझीही आहे, ती पुढे येईलच.

तीन वर्षांपूर्वी कॅन्सरसाठी रोबोटिक पद्धतीने काकांची पूर्ण प्रोस्टेट काढलेली. ऑपरेशन दुसरीकडे झालेलं, आणि कागद बघता व्यवस्थित झालेलं. गळती लागली म्हणजे सर्जनने काहीतरी बिघडवलं असं बरेच पेशंट धरून चालतात, तसं नसतं. पुरुषाला लघवी धरायला दोन कड्या असतात असं समजा. वरची मूत्राशयाच्या तोंडाशी, ती आपोआप चालते आणि प्रोस्टेटला इतकी चिकटून असते की ग्रंथीबरोबर तिचं कामही जातं. खालची प्रोस्टेटच्या खाली, बाहेरचा स्फिंक्टर, जो आपण मुद्दाम आवळून धरतो. ऑपरेशननंतर सगळा भार या खालच्या एका कडीवर. ती धडधाकट असली, तिला आधार देणारा मूत्रमार्गाचा तुकडा पुरेसा लांब राहिला असला, तर माणूस हळूहळू सावरतो. बहुतेकांची गळती सहा महिने ते वर्षभरात बऱ्यापैकी कमी होते, म्हणून पहिल्या काही महिन्यांत कोणी पुढच्या ऑपरेशनचं बोलत नाही. सहा महिने झाले आणि काहीच फरक नाही तर विचार सुरू करायचा, आणि वर्ष उलटूनही व्यायाम वगैरे करून त्रास तसाच असेल तर सर्जरीचा पर्याय पेशंटसमोर ठेवायलाच हवा, अमेरिकन युरॉलॉजी असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना साधारण हेच सांगतात.

काकांचं सहाव्या महिन्यापर्यंत बरं चाललेलं, दिवसाला दोन पॅडवर आले होते. मग पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरवर नजर ठेवायला रक्तात मोजतात तो आकडा, परत वर चढायला लागला आणि प्रोस्टेटच्या जागेवर जवळजवळ सात आठवडे रेडिएशन द्यावं लागलं. कॅन्सर आटोक्यात आला, पीएसए आता मोजता येणार नाही इतका खाली, पण गळती परत वाढली. रेडिएशनने त्या भागाचा रक्तपुरवठा कमी होतो, पेशी कडक होतात, आणि हा परिणाम कोर्स संपला म्हणून थांबत नाही, पुढे वर्षानुवर्षं चालू राहतो. काकांच्या पुढच्या सगळ्या भानगडीत ही एक गोष्ट सतत आडवी आली.

"दिवसाला किती पॅड लागतात?" "दोन, फार तर तीन." हा आकडा मी कधीच तसाच धरत नाही. एक माणूस चार थेंबांना पॅड बदलतो, दुसरा तेच पॅड चिंब होऊन लोंबेपर्यंत घालतो, आणि तिसरा पॅड म्हणतो पण घालतो रात्री वापरायचं मोठं डायपर. म्हणून वजन करायचं. कोरड्या पॅडचं वजन आधी लिहून ठेवायचं, चोवीस तासांत काढलेलं प्रत्येक पॅड लगेच झिपच्या पिशवीत बंद करायचं, शेवटी सगळ्यांचं वजन करून कोरडं वजन वजा करायचं, एक ग्रॅम म्हणजे एक मिली. घरातल्या साध्या डिजिटल काट्यावर होतं. काकांनी आधी आठवडाभर टाळलं, मग दोन दिवसांचं आणून दिलं, ५४० ग्रॅम आणि ५८५ ग्रॅम. अर्धा लिटरच्या वर! ते तीन "पॅड" म्हणजे तीन मोठी डायपर होती. माझ्या हिशेबात चारशेच्या वर गेलं की गळती तीव्र, आणि काका त्याला "थोडंसंच" म्हणत होते, घरच्यांनाही आणि स्वतःलाही.

आकडा समोर आल्यावर मात्र बांध फुटला. पाणी पिणं निम्म्यावर आणलंय, लग्नाकार्याला जाणं बंद, कुठेही गेलं की पहिल्यांदा बाथरूम कुठे ते बघायचं, खोकला आला की पाय आवळायचे, आणि संध्याकाळी जास्त कारण दिवसभर स्नायू थकलेला असतो. रात्री आडवं झालं की मात्र कोरडं. हे शेवटचं महत्त्वाचं. आडवं असताना कोरडं आणि उठताना, खोकताना, वजन उचलताना गळतं म्हणजे मुख्य दोष कडीतच आहे. घाई होऊन बाथरूमपर्यंत पोचेपर्यंत होते ती गळती वेगळी, तिला आधी औषधं, तिथे चाकू काढायचा नाही. काकांना थोडी घाईसुद्धा होती, त्यासाठी गोळी सुरू केली, घाई कमी झाली, वजन फारसं हललं नाही.

व्यायामाचं विचारलं तर "करतो की रोज." करून दाखवा म्हटलं तर श्वास रोखून, पोट आत ओढून, ढुंगण आवळून दाखवलं, म्हणजे जे करायचं ते सोडून सगळं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे म्हणजे लघवीची धार मध्येच तोडल्यासारखं आणि वायू रोखल्यासारखं, पोट सैल, श्वास चालू. फिजिओथेरपिस्टकडे तीन महिने पाठवलं. तीन वर्षांनी आणि रेडिएशननंतर यातून चमत्कार होणार नव्हता हे मलाही माहीत होतं, पण योग्य तऱ्हेने एकदाही न केलेला व्यायाम "करून झाला" असं लिहून पुढे जायला मन होत नाही. धार तोडून दाखवा म्हटलं तेव्हा काकांना ती तोडता आली नाही, मंदावली फक्त. तेही लिहून ठेवलं.

काका मात्र ठरवूनच आले होते. "ते पट्टीवालं ऑपरेशन करा, मशीन नको." पट्टी म्हणजे स्लिंग. मूत्रमार्गाच्या फुगीर भागाखाली जाळीची पट्टी ठेवून तिची दोन टोकं मांडीच्या सांध्याजवळून बाहेर काढायची आणि तो भाग थोडा वर आणि मागे ओढून घ्यायचा, त्याने उरलेल्या स्फिंक्टरला नीट मिटायला जागा मिळते. दाबायला काही नाही, बिघडायला काही नाही, माणूस नेहमीसारखी लघवी करतो. मला स्वतःला स्लिंग आवडते, पण ज्याचा स्फिंक्टर अजून जिवंत आहे त्याच्यासाठी, गळती कमी ते मध्यम, रेडिएशन झालेलं नाही, धार तोडता येते असा पेशंट. पट्टी फक्त आधार देते, स्नायूचं काम ती करत नाही. काकांच्या बाबतीत तिन्ही उत्तरं उलटी होती. बाकी पर्यायही बोलून झाले, मूत्रमार्गाच्या कडेला जाड द्रव्याचं इंजेक्शन देतात त्याचा उपयोग कमी आणि टिकतोही कमी, आणि मूत्राशयाच्या तोंडाजवळ दोन्ही बाजूंना बसवायचे छोटे फुगे रेडिएशन झालेल्या जागेत मी बसवत नाही.

राहिला कृत्रिम स्फिंक्टर. काका ज्याला मशीन म्हणत होते त्यात ना बॅटरी ना मोटर, सलाइन भरलेले सिलिकॉनचे तीन भाग, मध्ये नळ्या. मूत्रमार्गाभोवती एक कफ, म्हणजे फुगणारा पट्टा, पोटात एक बलून जो दाब टिकवतो, आणि अंडकोषाच्या पिशवीत एक पंप. कफ कायम भरलेला, म्हणून मूत्रमार्ग बंद. लघवी करायची की पंप दोन-तीनदा दाबायचा, कफमधलं पाणी बलूनमध्ये जातं, मार्ग उघडतो, आणि दोन-तीन मिनिटांत पाणी आपोआप परत कफमध्ये येऊन मार्ग बंद होतो. ब्रँटली स्कॉट नावाच्या अमेरिकन युरॉलॉजिस्टने १९७२ मध्ये असा पहिला स्फिंक्टर बसवला, आणि आज सगळ्यात जास्त वापरलं जातं ते एएमएस ८०० हे मॉडेल १९८० च्या दशकातलं, बारीक सुधारणा झाल्या पण गाभा तोच. चाळीस वर्षांत वैद्यकातलं बाकी सगळं बदललं आणि ही साधी पाण्याची युक्ती तशीच टिकली याचं मला अजून नवल वाटतं.

"मग पूर्ण कोरडा होईन ना?" या प्रश्नाला हो म्हणायचं नाही हे मी अनुभवाने शिकलोय. ब्रिटनमध्ये ३८० पुरुषांवर मास्टर नावाचा अभ्यास झाला, निम्म्यांना स्लिंग, निम्म्यांना कृत्रिम स्फिंक्टर, निकाल २०२१ मध्ये आले. वर्षभराने "कधीतरी जराही गळतं का" असं काटेकोर विचारलं तर स्लिंगवाल्यांपैकी ८७ टक्के आणि स्फिंक्टरवाल्यांपैकी ८४ टक्के लोक हो म्हणाले. ऐकायला भयंकर वाटतं, पण दोन्हीकडे त्रास आधीच्या मानाने खूप उतरला होता आणि बहुतेक लोक समाधानी होते. म्हणजे खोकल्याबरोबर दोन थेंब, दिवसाला एक पातळ पॅड, हे यशच धरायचं. दुसरं न लपवता सांगायचं ते पुन्हा ऑपरेशनचं, पाच वर्षांत साधारण चौघांतल्या एकाला आणि दहा वर्षांत निम्म्या लोकांना यंत्र बदलावं किंवा काढावं लागतं, कधी इन्फेक्शन, कधी गळणारी नळी, कधी कफखाली मूत्रमार्ग बारीक होत जातो, आणि कधी कफ मूत्रमार्ग कातरून आत घुसतो. रेडिएशनवाल्यांत या शेवटच्याची भीती जास्त. काका गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे आयुष्यभराचं लग्नच की." मी म्हटलं, हो, तसंच काहीसं.

त्या आधी दुर्बीण. ही पायरी कोणी गाळू नये म्हणून मुद्दाम लिहितोय. सिस्टोस्कोपीत, म्हणजे मूत्रमार्गातून दुर्बीण घालून बघताना, दिसलं की मूत्राशय आणि मूत्रमार्ग जिथे जोडले होते तिथे व्रण आवळून वेढं झालंय, दुर्बीण पलीकडे जाईना. असं आवळलेलं असताना वर कृत्रिम स्फिंक्टर बसवला आणि उद्या ते अजून आवळलं, तर कफमधून उपकरणं घालून ते कापावं लागणार, म्हणजे नवा कफ धोक्यात. त्यामुळे आधी पाठीत भूल देऊन ते वेढं कापलं. कापल्यावर गळती वाढणार हे आधीच सांगितलेलं, कारण त्या आवळलेपणानेच थोडं अडवून धरलेलं असतं, तरी सातशेच्या वर गेलेला आकडा बघून काका खचले. तीन महिने थांबलो, परत दुर्बीण घातली, वाट मोकळी होती. मग युरोडायनॅमिक टेस्ट. मूत्राशयात ३०० मिली मावत होतं आणि भरताना आतला दाब कमीच राहत होता. हे बघणं गरजेचं, कारण खालचं दार घट्ट लावलं आणि पिशवीच आतून दाब वाढवणारी निघाली तर तो दाब मागे किडन्यांवर जातो.

अजून एक टेस्ट मी करतो जी कुठल्या पुस्तकात नसेल, शर्टाची वरची दोन बटणं आरशाशिवाय काढून परत लावा. पंप दाबायला बोटात ताकद आणि डोक्यात क्रम दोन्ही लागतं. हात थरथरणाऱ्या किंवा विसरायला लागलेल्या माणसाला स्फिंक्टर बसवला तर त्याला लघवीच करता येणार नाही. काकांनी बटणं पटकन लावली, कॉलरचंसुद्धा.

ऑपरेशन त्यामानाने सरळ झालं. लघवीचं कल्चर आधी स्वच्छ आलेलं, अँटिबायोटिक, पाय वर बांधलेले, वृषणांच्या मागे मधोमध छेद. स्नायू बाजूला करून मूत्रमार्ग मोकळा करायचा. त्यात खरी जोखीम वरच्या, म्हणजे लिंगाच्या मूळ भागाला चिकटलेल्या बाजूची, तिथे तो पातळ असतो आणि रेडिएशनने अजून चिकटलेला. तिथे भोक पडलं तर त्या दिवशी यंत्र बसवायचंच नाही, बंद करून बाहेर यायचं, हे ऑपरेशनच्या आधीच मनाशी पक्कं करावं लागतं, नाहीतर ऐन वेळी मोह होतो. सलाइन सोडून तपासलं, कुठे गळत नव्हतं. पट्टीने घेर मोजला, चार सेंटिमीटरचा कफ. बलून ६१ ते ७० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाचा, सर्वसाधारण वापरला जातो तोच, आत २३ मिली. पंप उजवीकडे, कारण काका उजव्या हाताचे. शेवटी कफ रिकामा करून लॉक केला, दुसऱ्या दिवशी कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, काढला.

आणि मग सहा आठवडे काहीच नाही. यंत्र आत आहे पण बंद, सूज उतरेपर्यंत चालू करत नाहीत, तोपर्यंत गळती पूर्वीइतकीच. दहा वेळा सांगितलेलं असतं तरी तिसऱ्या आठवड्यात फोन येतोच, "फेल गेलं का हो?" काकांचाही आला.

चालू केलं त्या दिवशी पंप सापडायला त्यांना पाच मिनिटं लागली, मग जमलं. तीन महिन्यांनी पॅडचं वजन १८ ग्रॅम. पुढच्या तपासणीला आले ते फिकट रंगाच्या पँटमध्ये, आणि खुर्चीत पाठ टेकून बसले. मी काही बोललो नाही, त्यांच्या लक्षात आलं असावं, हसले.

आता माझी चूक. डिस्चार्जच्या वेळी आम्ही एक कार्ड देतो, या व्यक्तीला कृत्रिम स्फिंक्टर आहे, कॅथेटर घालण्यापूर्वी तो बंद करावा. कार्ड दिलं, सही घेतली, झालं. ते कार्ड कुठे राहणार आणि घरात हे नक्की कोणाकोणाला माहीत आहे, हे मी विचारलंच नाही. काकूंना माहीत होतं. मुलाला आणि सुनेला काकांनी सांगितलेलं हर्नियाचं ऑपरेशन, आणि कार्ड कपाटात जुन्या पासबुकांखाली.

यंत्र चालू करून चौदा महिने झाले होते. काकू बहिणीकडे गेलेल्या, मध्यरात्री काकांच्या छातीत दुखायला लागलं, मुलाने जवळच्या हॉस्पिटलला नेलं, हार्ट अटॅक, लगेच अँजिओप्लास्टी, स्टेंट, आयसीयू. हृदयाचं काम तिथे उत्तम झालं, वेळेत झालं, जीव वाचला, हे आधी. आधीची ऑपरेशनं विचारल्यावर मुलाने सांगितलं प्रोस्टेट आणि हर्निया. लघवी मोजायला कॅथेटर घालायला घेतला, तो अडला, प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेल्यांत आवळलेपण असतंच असं समजून जास्त जेली लावून परत घातला, या वेळी गेला. काका शुद्धीत होते. नंतर मला म्हणाले, "सांगणार होतो, पण मुलगा तिथेच उभा होता." भरलेल्या कफमधून गेलेला १६ नंबरचा कॅथेटर चार दिवस आत राहिला.

यात काय होतं ते सोपं आहे. बाहेरून कफ आवळतोय, आतून जाड नळी रेटतेय, मधली मूत्रमार्गाची भिंत चेपते आणि तिचं रक्त थांबतं. धडधाकट मूत्रमार्गसुद्धा हे फार काळ सहन करत नाही, रेडिएशनवाला तर नाहीच. कॅथेटर काढताना थोडं रक्त आलं, नंतर पंप नेहमीसारखा चालला, त्यामुळे काका निश्चिंत. तीन आठवड्यांनी जळजळ, मग परत गळती, मग पंपाची बाजू लाल आणि दुखरी. दुर्बीण घातली तर कफच्या जागी मूत्रमार्गाच्या गुलाबी भिंतीतून सिलिकॉनची पांढरट चकचकीत कड दिसत होती. हे दृश्य एकदा बघितलं की परत कधी ओळखायला चुकत नाही.

कफ मूत्रमार्गात आला म्हणजे पूर्ण यंत्र जंतूंच्या संपर्कात आलं. नुसता कफ बदलून भागत नाही, तिन्ही भाग काढायचे, आणि नवीन त्याच वेळी बसवायचं नाही. अडचण अशी की स्टेंट टाकून महिनाच झालेला, रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू, त्या थांबवल्या तर स्टेंट बुजायची भीती, आणि इन्फेक्शन तर थांबायला तयार नाही. हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून दोन्ही गोळ्या चालू ठेवूनच ऑपरेशन केलं, रक्त थांबवण्यातच निम्मा वेळ गेला. भोक घेराच्या निम्म्याहून कमी होतं, कॅथेटरवर टाके घेऊन शिवलं, चार आठवडे कॅथेटर, मग डाय सोडून एक्स-रे, कुठून पाझरत नव्हतं.

नवं यंत्र मूत्रमार्ग भरून यायला चार-सहा महिने देऊन एरवी बसवता आलं असतं, पण अटॅकनंतरच्या त्या दोन गोळ्या साधारण वर्षभर द्यायच्या असतात, आणि ठरवून करायच्या ऑपरेशनसाठी त्या मध्येच तोडण्यात अर्थ नव्हता. म्हणजे एक वर्ष परत तेच सगळं. दिवसा कंडोम कॅथेटर (लिंगावर बाहेरून चढवायचा) आणि पायाला पिशवी, रात्री पॅड. चौदा महिने कोरडं राहिलेल्या माणसाला परत ओलं राहणं आधीपेक्षा जड जातं. काका त्या काळात तपासणीला यायचेच बंद झाले, काकूंनी फोन केल्यावर मी मुलाला घेऊन या म्हटलं.

तिघं आले. मी यंत्राचा नमुना टेबलावर ठेवला आणि मुलाला म्हटलं, तुमच्या बाबांच्या आत हे होतं. त्याने नमुना उचलला, पंप दाबून बघितला, आणि बराच वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा, हर्निया?" काका खाली बघत होते. काकू म्हणाल्या, मीच म्हटलं होतं सांगू नका, सुनेसमोर बरं दिसत नाही. आता यात कोणाला काय बोलणार, मीसुद्धा त्यांना कधी विचारलं नव्हतं. मुलगा चिडला नाही, त्याला वाईट याचं वाटलं की त्या रात्री नर्सने विचारलं तेव्हा ठामपणे हर्निया म्हणून उत्तर देणारा तोच होता.

दुसरा स्फिंक्टर पहिला काढल्यावर साधारण तेरा महिन्यांनी बसवला, दोनपैकी एक गोळी हृदयाच्या डॉक्टरांच्या संमतीने थांबवून, अ‍ॅस्पिरिन चालू ठेवून. जुनी जागा आतून व्रणाने भरलेली, तिथला मूत्रमार्ग पातळ, म्हणून कफ वेगळ्या तऱ्हेने घातला. मूत्रमार्गाच्या वर लिंगातले जे दोन ताठर होणारे भाग असतात त्यांच्या आवरणातून वाट काढली, म्हणजे मूत्रमार्गाच्या कमकुवत बाजूला ते जाड आवरण चिकटलेलंच राहतं आणि कफ थेट त्याच्यावर घासत नाही. याने उरलासुरला ताठरपणाही जाऊ शकतो, काकांचा तो पहिल्या ऑपरेशनपासूनच गेलेला होता, तरी दोघांना बसवून स्पष्ट विचारलं. आवरण धरून घेर वाढतो, म्हणून कफ साडेचारचा. बलून एक पायरी कमी दाबाचा, ५१ ते ६०, कारण मला थोडी गळती चालणार होती, परत भोक चालणार नव्हतं. चालू करायलाही सहाऐवजी आठ आठवडे घेतले. आणि काका आडवे झाल्यावर मुळात कोरडेच असतात, मग रात्रभर मूत्रमार्ग कशाला आवळून ठेवायचा, तेव्हा झोपताना कफ रिकामा करून बटण दाबून बंद, सकाळी पंप जोरात दाबून चालू.

या वेळी बंद करायला तिघांनाही शिकवलं. पंप दाबून कफ रिकामा करायचा, पंप थोडासा परत फुगू द्यायचा, मग त्याच्या वरच्या बाजूचं छोटं कडक बटण दाबायचं. पंप पूर्ण चपटा असताना बटण दाबून लॉक केलं तर नंतर चालू करताना वैताग येतो, सगळे पहिल्यांदा तिथेच चुकतात. मुलाने नमुन्यावर चार वेळा करून दाखवलं. कार्डाच्या तीन प्रती काढल्या, काकांच्या पाकिटात, मुलाच्या मोबाईलच्या कव्हरमध्ये, काकूंच्या पर्समध्ये, आणि मागच्या बाजूला मी हाताने लिहिलं, आधी कफ बंद करा, मगच १२ नंबरचा कॅथेटर, कमीत कमी वेळ, शंका असेल तर थांबा आणि युरॉलॉजिस्टला बोलवा.

पॅडचं वजन सध्या ४५ ग्रॅमच्या आसपास, पहिल्या वेळच्या १८ पेक्षा जास्त. दिवसाला एक पॅड, कधी बाहेर जायचं असेल तर दोन. काकांची तक्रार नाही, आणि आता ते "थोडंसंच गळतं" म्हणतात तेव्हा मी वजनाचा कागद मागत नाही, तेच आधी काढून ठेवतात.

मागच्या महिन्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. भरतीच्या फॉर्मवर सगळ्यात वर, नावाच्याही आधी, त्यांनी मोठ्या अक्षरात कृत्रिम स्फिंक्टर आहे, कॅथेटर घालू नये असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. तिथली नर्स म्हणाली, अहो काका, डोळ्याच्या ऑपरेशनला कॅथेटर लागतच नाही. काका म्हणाले, "असू दे, तुम्ही वाचलंत ना?"